एकच पत्ता, चौऱ्याऐंशी दारं

माझी धाकटी नणंद दर फोनला विचारायची, "वहिनी, अजून क्लार्कच का गं?" एम.कॉम. झालेली बाई अमेरिकेत जाऊन बावीस वर्षं क्लार्क राहते, याचं तिला मनापासून वाईट वाटायचं. मी सुरुवातीला समजावून सांगत असे, पुढे नाद सोडला. आता निवृत्त झालेच आहे आणि मंडळाच्या दिवाळी अंकाच्या निमित्तानं पानंही हाताशी आहेत, तर एकदाचं सांगून टाकते.

सिटी क्लार्क म्हणजे शहराची सचिव. नगरसभेच्या बैठकीत काय विषय घ्यायचे ते किती तास आधी दारावर लावायचं, कोणाला नोटीस पाठवायची, कोण किती वेळ बोलणार, कोणी कसं मत दिलं, हे सगळं तिच्या हातात. महापौर चुकला तर त्याला लोक पाच वर्षांनी विसरतात. सिटी क्लार्क चुकली तर झालेला निर्णय कोर्टात रद्द होतो. त्यामुळे आमची जात संशयी. मी तर घरातल्या वाणसामानाच्या यादीवरही तारीख आणि सही करायचे, असं आमचे हे सांगतात. त्यात थोडी अतिशयोक्ती आहे.

आमचं गाव सनीव्हेलच्या जवळचंच, नाव महत्त्वाचं नाही. हे चिप कंपनीत लागले म्हणून आम्ही आलो आणि मी काउंटरवर तात्पुरती म्हणून सिटी हॉलमध्ये शिरले ती चिकटलेच. या काळात सहा महापौर पाहिले. एक फक्त फोटोसाठी यायचे. एका बाईंना दर बैठकीआधी उचकी लागायची आणि मी साखरेची पुडी घेऊन मागे उभी राहायची. जनतेचे नमुने तर विचारूच नका. एक गृहस्थ दर पंधरवड्याला येऊन पानं उडवायच्या मशीनच्या आवाजावर बोलायचे. एकदा त्यांनी ते मशीनच सभागृहात आणून सुरू केलं. माझी दोनशे पानं उडाली. मी त्यांची तीन मिनिटं मोजत राहिले, कारण बोलायचा हक्क म्हणजे हक्क. आपले मराठी लोकही कमी नाहीत. मिरवणुकीच्या परवान्यासाठी एक काका येऊन म्हणाले, "मावशी, तुम्ही आतल्याच ना! मग फॉर्म कशाला? करा ना अ‍ॅडजस्ट यार." मी त्यांच्याहून वयानं धाकटी होते. त्यांचा फॉर्म मी दोनदा परत पाठवला.

पण सांगायचंय ते रोमी दिमाआनो यांच्याबद्दल.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते पोस्टमनच्या वेशात. निळी हाफ पँट, खांद्याला पिशवी, उन्हानं रापलेले पाय. शाळेजवळच्या चौकात थांब्याची पाटी हवी, एवढंच त्यांचं मागणं. सातव्यांदा आले तेव्हा नगरसेवकांपैकी एक जण हसला. रोमी शांतपणे म्हणाले, "सर, तुमच्या घरी रोज सव्वाअकराला येतो मी. मी कंटाळत नाही, हे तुम्हाला माहीत आहे." पाटी लागली.

ते मूळचे फिलिपिन्समधल्या बातांगासचे. वडील इथं शेतात भाजी काढायचे, आई फळांच्या डबाबंद कारखान्यात. रोमी अठ्ठावीस वर्षं टपाल वाटत होते, त्यातली बहुतेक आमच्याच गावात. निवृत्त झाले आणि नगरसभेला उभे राहिले. पहिल्यांदा पडले. दुसऱ्यांदा प्रचारासाठी त्यांनी काय केलं? आपला जुना टपालाचा रस्ता पुन्हा चालले. फक्त पिशवीत पत्रकं. लोक दार उघडून म्हणायचे, "अरे, रोमी! कुठे होतास?" नगरसेवक झाले, मग थेट लोकांच्या मतांनी महापौर. डोळ्यांत पाणी आणून शपथ घेतली आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर नूडल्सचा एवढा मोठा ट्रे ठेवला. लांब नूडल्स म्हणजे लांब आयुष्य, असं त्यांच्यात मानतात. रिकाम्या हातानं कुणाकडे जायचं नाही, हेही त्यांच्यात आपल्यासारखंच.

त्यांच्या भाषेत थोरल्या भावाला कुया म्हणतात. सभागृहात मी त्यांना "मेयर" म्हणायची, बाहेर "कुया". मंडळाच्या कार्यक्रमाला येऊन लोक मला काय म्हणतात ते त्यांनी ऐकलं, तेव्हापासून ते मला "वीणाताई" म्हणू लागले. अमेरिकन सिटी हॉलच्या कॉरिडॉरमध्ये कुणी "वीणाताऽई" अशी हाक मारली की जीव कसा गार व्हायचा.

आता माझ्या चुकीकडे येते. बावीस वर्षांतली एकच. पण एकच पुरे होते.

गावाच्या उत्तर टोकाला एक मोबाइल होम पार्क आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कारखान्यात तयार झालेलं बसकं घर आणून जागेवर ठेवतात. घर तुमचं, खालची जमीन दुसऱ्याची, तिचं महिन्याला भाडं. नाव मोबाइल असलं तरी घर एकदा ठेवलं की हलत नाही, हलवायला गेलं तर मोडतं. लोक नाक मुरडून त्याला ट्रेलर म्हणतात. तिथं अशी चौऱ्याऐंशी घरं. बहुतेक सगळी म्हातारी माणसं. जमिनीच्या मालकाला पार्क बंद करून तिथं चार मजली इमारती बांधायच्या होत्या. त्यासाठी नगरसभेची परवानगी हवी, परवानगीआधी जाहीर सुनावणी हवी आणि सुनावणीआधी तिथं राहणाऱ्या प्रत्येकाला आणि आसपासच्या घरमालकांना टपालानं नोटीस हवी. ती पाठवायचं काम माझं.

आमच्याकडे रीत अशी की अर्जदारच पत्त्यांची यादी आणि तिकिटं लावलेली पाकिटं आणून देतो. यादी कर खात्याच्या नोंदीवरून काढतात. जमिनीचा एक तुकडा, एक मालक, एक पाकीट. मी आसपासची घरं नकाशाशी ताडून पाहिली, एकूण एक बरोबर. पाकिटं टाकली, "नोटिसा पाठवल्या" असं प्रतिज्ञापत्र केलं, सही ठोकली. त्या चौऱ्याऐंशी घरांचा नोंदीत तुकडा एकच होता. म्हणजे त्या सगळ्यांच्या वतीनं एक पाकीट गेलं. कोणाला? जमिनीच्या मालकाला. त्यानं स्वतःच स्वतःला पाठवलेली नोटीस.

चार दिवसांनी रोमी काउंटरवर आले. मागच्या दारानं नाही, पुढून. नंबर घेतला, खुर्चीत बसले, नंबर आल्यावर खिडकीशी उभे राहिले. काउंटरवरची मुलगी घाबरून मला बोलवायला आली.

"कुया, हे काय? आत या."

"आज नाही. आज मी महापौर नाही, त्या पार्कच्या कुंपणाला लागून ज्याचं घर आहे तो शेजारी आहे." त्यांनी खिशातून आमचीच नोटीस काढली. "मला ही आली. कुंपणापलीकडे विचारलं, कुणाकडेच नाही. वीणाताई, मी तिथं टपाल वाटलंय. तिथं पत्ता एक आहे आणि दारं चौऱ्याऐंशी. पत्त्यापुढे स्पेस नंबर लिहावा लागतो. तुमच्या यादीत स्पेस नंबर आहेत?"

आत जाऊन यादी पाहिली. नव्हते.

त्यात आणखी एक पेच. घर पार्कला खेटून असल्यामुळे या विषयात रोमींचा स्वतःचा फायदा-तोटा होता. अशा वेळी कायद्यानं महापौरालाही खुर्ची सोडून बाहेर जावं लागतं. मत देता येत नाही, कुणाला सांगता येत नाही, केबिनमध्ये बोलावून कानात बोलता येत नाही. म्हणूनच त्यांनी नंबर घेतला होता. ज्या माणसाला त्या लोकांसाठी लढायचं होतं, त्याच्या हातात तक्रारीच्या एका फॉर्मपलीकडे काहीच नव्हतं. तो फॉर्म त्यांनी नीट भरून माझ्याकडे दिला आणि पोच मागून घेतली.

सिटी मॅनेजरनी, म्हणजे आमच्या प्रशासनप्रमुखांनी, मला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. "वीणा, यादी अर्जदारानं दिलीय. कागदावर सगळं फिट आहे. लेट इट गो. कोर्टात कुणी गेलं तर बघू."

"आणि नाही गेलं तर?"

"मग प्रश्नच नाही."

प्रश्न कसा नाही! सत्तर-ऐंशी वर्षांची माणसं आणि त्यांना कळणार कधी, तर घरं रिकामी करायची तारीख आल्यावर. पण खरं सांगते, त्या संध्याकाळी मला आधी त्यांची नाही, माझी काळजी वाटली. प्रतिज्ञापत्रावर माझी सही. निवृत्तीला दीड वर्ष. जेवताना मी इराला, माझ्या मुलीला, सगळं सांगितलं, या आशेनं की ती म्हणेल, तुझा काय दोष. ती पोळी तोडत म्हणाली, "आई, यू सेंट इट राँग. सो सेंड इट अगेन. व्हॉट्स द कन्फ्युजन?"

कन्फ्युजन काहीच नव्हतं. सकाळी मी चुकीची कबुली लेखी दिली, सुनावणी पुढे ढकलल्याची नोटीस दारावर लावली आणि नव्या यादीत स्पेस एक ते चौऱ्याऐंशी अशी स्वतः बसून भर घातली. अर्जदाराच्या वकिलानं फोनवर मला "इनकॉम्पिटंट" म्हटलं. मी म्हटलं, "येस सर, आणि पुन्हा तसं व्हायला नको म्हणून आता दुरुस्त करतेय."

पाकिटं गेली, पण सरकारी पाकीट म्हातारी माणसं उघडतातच असं नाही. शनिवारी सुट्टीच्या दिवशी मी पायात चांगले बूट घालून पार्कमध्ये गेले. कोणाची बाजू घ्यायला नाही, फक्त नोटीस पोचली का ते पाहायला. रोमी तिथं आधीच हजर, शेजारी म्हणून. कोणत्या दाराची बेल बिघडलीय, कुणाच्या खिडकीवरच टकटक करायची, कोणता कुत्रा फक्त भुंकतो आणि कोणता चावतो, त्यांना सगळं पाठ. एका दारी त्यांची मायबोली तागालोग, दुसऱ्या दारी स्पॅनिश, तिसऱ्या दारी नुसत्या खाणाखुणा. पाकीट दाखवायचं, "हे फेकू नका, वाचा" एवढंच म्हणायचं आणि पुढे.

स्पेस एकाहत्तरचं दार उघडलं आणि मी जागीच थांबले. समोर सुमनमावशी.

आमच्या भागातल्या जुन्या लोकांना मावशी आठवत असतील. नागपूरच्या. दोघंही आयटीत असलेल्या आई-बापांची निम्मी मुलं त्यांनी सांभाळलीयत. माझी इरा त्यांच्याच हातची खिचडी खाऊन वाढली. त्या रोज सकाळी आमच्याकडे यायच्या, संध्याकाळी जायच्या. कुठे जायच्या, हे मी कधी विचारलं नव्हतं. "मुलाकडे असते" म्हणायच्या, मी मान डोलवायची. लाज वाटते लिहिताना, पण तसंच होतं.

"अगंबाई, वीणा! तू इथं कशी?"

"मावशी, तुम्ही इथं कशा?"

"मी इथंच असते की. सोळा वर्षं झाली." दारातून बाजूला झाल्या. "ये, आत ये. मुलाचं काय, तो टेक्सासला. त्याला त्याचा संसार आहे."

घर आरशासारखं लख्ख. फ्रिजवर मुलांचे फोटो, पंधरा-वीस तरी. त्यात दोन वेण्या घातलेली इरा. मी नोटीस वाचून दाखवली. मावशींनी ऐकली आणि खाली बसल्या.

"म्हणजे हे घर जाणार?"

"अजून काही ठरलेलं नाही. सुनावणीत तुम्हाला बोलता येतं."

"ती मीटिंग टीव्हीवर दाखवतात ना गं?"

"हो. नेटवरही."

"मग नको बाई. मंडळातल्या सगळ्यांना कळेल मी ट्रेलरमध्ये राहते. एवढी वर्षं झाकली मूठ ठेवली, आता कशाला?"

रोमी दारात उभे होते. त्यांनी विचारलं, त्या काय म्हणतात. मी सांगितलं. ते म्हणाले, "त्यांना सांगा, माझी आई डबाबंद कारखान्यात पीच सोलायची. सालीच्या रसानं बोटं काळी पडायची. गावाला पत्रात लिहायची, ऑफिसात काम करते. ती गेली तेव्हा मला तिच्या कामाबद्दल एक शब्द बोलता आला नाही, कारण गावाकडून आलेल्या सगळ्यांना ऑफिसच माहीत होतं." मग ते हसले. "आणि हेही सांगा, नागपूरहून त्यांच्या बहिणीची पत्रं 'अपार्टमेंट एकाहत्तर' म्हणून यायची. मी एकही परत पाठवलं नाही."

मावशींनी पदर तोंडाला लावला. हसल्या की रडल्या, मला कळलं नाही. त्या येते म्हणाल्या नाहीत. चहा मात्र दोघांना पाजला.

सुनावणीच्या दिवशी सभागृहात बसायला जागा नव्हती. कुबड्या, वॉकर, प्राणवायूची एक नळकांडीसुद्धा. रोमींनी विषय पुकारला, "माझं घर शेजारी आहे, मी बाजूला होतो," असं नोंदवून खुर्ची उपमहापौरांना दिली. पण कायदा एक सवलत ठेवतो. आपल्या स्वतःच्या घरापुरतं, इतर कोणाही नागरिकासारखं, माइकपाशी येऊन तीन मिनिटं बोलता येतं. त्यानंतर बाहेर जायचं. घड्याळ माझ्या हातात.

सगळ्यांना वाटलं, आता भाषण होणार. ते माइकपाशी आले आणि म्हणाले, "मी कुंपणाला लागून राहतो. माझे शेजारी असे आहेत. स्पेस एक, मिसेस अल्वारेझ, शाळेच्या बसच्या ड्रायव्हर होत्या. स्पेस दोन, मिस्टर ट्रॅन, घड्याळं दुरुस्त करतात. स्पेस तीन..." हातात कागद नाही, अडखळणं नाही. जसं टपाल टाकत जावं, तसे ते दारोदार निघाले होते. सभागृहात ज्याचं नाव येई तो हळूच हात वर करी. मी घड्याळाकडे पाहत होते आणि मनात म्हणत होते, कुया, जरा भरभर.

"स्पेस बासष्ट, मिस्टर..."

मी घंटा वाजवली. आयुष्यात इतकी जड घंटा वाजवली नाही. पण पानं उडवणाऱ्या गृहस्थांना तीन आणि महापौरांना साडेतीन, हे मला जमलं नसतं. आणि रोमींना ते आवडलंही नसतं. ते तिथल्या तिथे थांबले, माझ्याकडे पाहून मान लववली आणि दारातून बाहेर गेले.

उपमहापौर म्हणाले, "आणखी कुणी?" आणि बासष्ट नंबरचा म्हातारा काठी टेकत उठला. माइकपाशी जाऊन म्हणाला, "स्पेस बासष्ट. फ्रँक. सुतार." परत जाऊन बसला. मग त्रेसष्ट. मग चौसष्ट. अर्जदाराचा वकील उभा राहिला, "हा तमाशा आहे!" उपमहापौरांनी माझ्याकडे पाहिलं. मी माइक सुरू केला. "प्रत्येक नागरिकाला तीन मिनिटं आहेत. यांनी सहा सेकंद वापरलेत."

सत्तर झालं. मी मान वर केली नाही, मला पाहवत नव्हतं. तेवढ्यात चपलांचा आवाज आला आणि मागोमाग ओळखीचा गळा, खणखणीत इंग्रजीत: "स्पेस सेव्हन्टी वन. सुमन. आय रेझ्ड युअर चिल्ड्रन." मग तेवढ्यावर समाधान न होऊन मराठीत, थेट कॅमेऱ्याकडे बघून: "आणि मंडळातल्या सगळ्यांनो, मी इथं राहते. चहाला या."

चौऱ्याऐंशीपर्यंत गेले सगळे. एक दार सुटलं नाही.

नगरसभेत महापौर धरून पाच जण; त्यातले रोमी बाहेर, उरले चार. मंजुरीला तीन मतं हवीत. मी नावं पुकारली. पहिलं हो. दुसरं नाही. तिसरं हो. चौथे मिस्टर हॉलंड, बांधकाम व्यवसायातून निवृत्त झालेले, आजवर कुठल्याही इमारतीला नाही म्हणाले नव्हते. मी नाव घेतलं. ते समोरच्या कागदाकडे बघत बसले. मी पुन्हा नाव घेतलं.

"स्पेस बासष्टच्या फ्रँकनं माझी पहिली बारा घरं बांधलीयत," ते म्हणाले. "मला तो कुठे राहतो ते माहीत नव्हतं. नो."

दोन विरुद्ध दोन. माझं काम निकाल सपाट आवाजात सांगायचं. "मोशन फेल्स," मी म्हटलं. आवाज सपाट नव्हता. परवानगी नाकारली गेली. पार्क आजही तिथंच आहे.

पुढच्या विषयासाठी महापौरांना आत बोलावणं हेही माझंच काम. मी बाहेर गेले. लॉबीत आतला आवाज स्पीकरवर ऐकू येतो, म्हणून ते तिथंही थांबले नव्हते. लांब, हिरवळीच्या कडेला, पाठ करून उभे होते. उगाच कुणी म्हणायला नको की खुणा केल्या.

"मेयर, पुढचा विषय. रस्त्याकडेच्या झाडांची छाटणी."

ते वळले. माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. वीस वर्षं मी जो चेहरा कोरा ठेवायला शिकले होते, तो त्या दिवशी काही केल्या कोरा राहीना. "कुया," एवढंच मी म्हणाले आणि मला रडूच फुटलं. त्यांनी मला रुमाल दिला, आपले डोळे बाहीनं पुसले, शर्ट ठीकठाक केला आणि आत गेले.

ते दारात दिसले आणि सगळं सभागृह उभं राहिलं. ज्यांना उभं राहता येत नव्हतं त्यांनी वॉकर आपटले. टाळ्या थांबेनात. रोमींनी हातोडा उचलला, पण तो खाली येईना. आमच्याकडे इतिवृत्तात फक्त निर्णय लिहायचे असतात. कोण रडलं, कोण हसलं, कुणी टाळ्या वाजवल्या, यातलं काही लिहायचं नाही, असा नियम आहे. तो नियम हाताखालच्या प्रत्येकाला मीच शिकवला.

त्या दिवसाच्या इतिवृत्तात, ठरावाच्या खाली, मी एक ओळ लिहिली: "टाळ्या. सिटी क्लार्कनेही." पुढच्या बैठकीत ते इतिवृत्त एकमतानं मंजूर झालं.